दोन मिनिटांची थ्रिलर ओपनिंग, बजेट ४०००, मोबाईलवर शूट. गिंबल, माईक की लाईट?

ओली_रीळ
नमस्कार. कोल्हापुरात मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पाचजणांचा ग्रुप आहे. प्रोजेक्ट असा की थ्रिलर सिनेमाची फक्त सुरुवात करायची, टायटल्स धरून दोन मिनिटं, पूर्ण गोष्ट सांगायची नाही. हातात दोन आठवडे आहेत त्यात एडिटिंग पण आलं. वर्गणी काढून ४००० जमलेत, पेट्रोल वडापाव त्यातच. शूट मोबाईलवर, एकीचा आयफोन १३ आहे. गोष्ट साधारण अशी, रात्री पन्हाळ्यावर अंधारबावीजवळ (गडावरची जुनी विहीर) मुलगी एकटी चाललीय, मागे हुडीवाला माणूस, हातात पिस्तूल (खेळण्यातलं), ओमनी येते, तोंडावर रुमाल, दार सरकतं, टायटल. प्रश्न इतकाच की उरलेल्या पैशात गिंबल (फोन हलू न देणारा दांडा) भाड्याने आणू, माईक घेऊ की लाईट? तिन्ही होणार नाही हे माहितीय. जाणकारांनी सांगा प्लीज.

लेन्सवेडा
मोबाईलवर थ्रिलर करू नका. मी मागच्या दिवाळीत सोनीचा झेडव्ही ई१० कॅमेरा घेतला आणि वर सिग्माची १६ एमएम एफ १.४ लेन्स, अंधारात काय दिसतं म्हणून सांगू, मेणबत्तीवर शूट केलंय मी. बॉडी सेकंडहँड पण मिळते. एकदाच खर्च करा पण चांगला करा, नंतर लग्नांच्या ऑर्डरी घेऊन पैसे वसूल होतात.

ओली_रीळ
दादा बजेट ४००० आहे.

लेन्सवेडा
हो वाचलं. म्हणून तर सेकंडहँड म्हणालो.

तांबडा_पांढरा
भावा पन्हाळ्यावर रात्री शूट विसर. गड पुरातत्व खात्याच्या ताब्यात आहे, अंधारबाव सूर्य मावळला की बंद, आणि दिवसा पण ट्रायपॉड उघडलास की परवानगीचा कागद मागणार. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून सगळीकडं लक्ष जरा जास्तच हाय. परवानगी निघते, नाही असं नाही, पण तुझे दोन आठवडे त्यातच जातील. वीस किलोमीटर वर जायचं, वारा सुटलेला, आवाजाची वाट, आणि खाली येताना पाची जण झुणकाभाकर खाणार म्हणजे तुझे ४००० तिथंच कटाप. गावात कर काय करायचं ते.

गिंबलगुरू
गिंबलच घ्या. डोळे झाकून. पाठलागाचा सीन गिंबलशिवाय होतच नाही, माझ्याकडे डीजेआयचा आहे, जिना उतरतानाचा शॉट बघाल तर रेल्वे ट्रॅकवर घेतलाय असं वाटतं.

आवाजवाली
माईक. चित्र हललं तर लोक स्टाईल समजतात, आवाज खराब असला की पहिल्या दहा सेकंदात बघणाऱ्याला कळतं की हे कॉलेजचं आहे. वायरचा कॉलर माईक हजाराच्या आसपास येतो, तेवढा पुरे. तोही परवडत नसेल तर दुसरा फोन घ्या, इअरफोनचा माईक कॉलरच्या आत लपवा, रेकॉर्डर चालू, दोन्ही फोन सुरू झाले की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, एडिटिंगला टाळीवर टाळी बसवायची की झालं सिंक. आणि प्रत्येक जागेवर अर्धा मिनिट कोणी काही न बोलता नुसती ती जागा रेकॉर्ड करून ठेवा. एडिट करताना दोन वाक्यांमध्ये जी मुकी भोकं पडतात ती त्यानेच बुजतात. घरात शूट असेल तर पंखा बंद, फ्रीज बंद, आणि स्कूटीची चावी फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना फ्रीज परत चालू करायची आठवण राहते. आमच्या एका शूटला हे केलं नव्हतं, घरमालकीणबाईंचं दोन लिटर दूध आणि श्रीखंड गेलं, ते पैसे आमच्याकडून घेतले ते घेतले वर खोली पण पुन्हा दिली नाही.

गोळ्या_औषधे
एक शंका. रुमालाला क्लोरोफॉर्म लावून मुलगी दोन सेकंदात बेशुद्ध, हे दाखवणार आहात का? असं होत नाही. सलग पाचेक मिनिटं हुंगवावं लागतं आणि तोवर ती व्यक्ती आरडाओरडा करते. सिनेमावाले पिढ्यानपिढ्या हेच दाखवतात.

लेन्सवेडा
अहो काका सिनेमॅटिक लिबर्टी असते.

गोळ्या_औषधे
काका नाही, फार्मसीला शिकवते मी. लिबर्टी घ्या, पण पाच मिनिटांची दोन सेकंद कशाला?

शटर_पन्नास
कोणीच मुद्द्याचं बोलत नाहीये. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाईट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करतात. फोन सेकंदाला ३० फ्रेम आणि एक साठांश सेकंद शटरवर असला की व्हिडिओत पट्टे फिरताना दिसतात, रात्रीच्या शूटमध्ये तर हमखास. २५ फ्रेम ठेवा आणि शटर एक पन्नासांश. आयफोनला सेटिंगमध्ये कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे पाल फॉरमॅट दाखवा असा पर्याय आहे तो चालू केला की २५ दिसायला लागतं. शटर हाताने लावायला ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट आहे, अँड्रॉइडवर मात्र ठराविक मॉडेललाच चालतं, बाकीच्यांनी ओपन कॅमेरा बघा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा नाहीतर माणूस दिव्याखालून गेला की चित्र श्वास घेतल्यासारखं उजळतं आणि विझतं. आणि शूटच्या आधी लेन्स पुसा, बोटांच्या तेलाने प्रत्येक दिव्याला शेपूट येतं.

पेठेतला
माईक घ्या, वर सांगितलंच आहे. पण त्याआधी गोष्ट बदला. हुडीवाला, पिस्तूल, ओमनी, रुमाल, एवढं सगळं दोन मिनिटांत म्हणजे ओपनिंग नव्हे, ट्रेलर झाला. ओपनिंगने एक प्रश्न टाकायचा असतो आणि उत्तर द्यायचं नसतं. आता दिग्दर्शक हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायला कोणीतरी येईलच.

रविवार_मॅटिनी
हिचकॉक म्हणायचे, टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवा आणि पात्रांना माहीत नसू दे, म्हणजे साध्या गप्पांनाही घाम फुटतो. अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आधी दाखवला तर पंधरा मिनिटांचा सस्पेन्स.

पेठेतला
आले.

जुना_लाईटमन
लाईट विकत घेऊ नका. नऊ वॅटचे दोन एलईडी बल्ब, होल्डर, लांब वायर, समोर बटर पेपर लावला की प्रकाश मऊ होतो. थर्माकोलची शीट बाऊन्सला, म्हणजे प्रकाश परत फेकायला. काळा कपडा कटर म्हणून (नको तिथला प्रकाश अडवायला), कपडे वाळत घालायचे चिमटे. सगळं मिळून पाचशे-सहाशेत बसतं. नवीन पोरांची सवय असते की रात्र म्हणजे सगळं काळं करायचं, मग फोन स्वतःच चित्र उजळवतो आणि दाणे दाणे दिसतात. रात्र खऱ्या अंधारात घेऊच नका. सूर्य गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आभाळ निळं असतं, रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात, तेव्हा घ्या, व्हाईट बॅलन्स ३२०० केल्व्हिनच्या आसपास ठेवा म्हणजे आणखी निळं होईल. तालीम दुपारीच उरका कारण ती वेळ पटकन जाते.

हिरवा_कोपरा
थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे हो. पुठ्ठ्यावर पांढरा कागद चिकटवा.

जुना_लाईटमन
बंदी ताटं-वाट्या आणि मखरावर. टीव्हीच्या खोक्यात येतो तोच वापरा, नवीन आणा म्हटलं नाही मी.

हिरवा_कोपरा
खोक्यातला म्हणजे तरी थर्माकोलच ना. पुठ्ठा फुकट आहे, वाऱ्याने मोडत नाही.

जुना_लाईटमन
तीस वर्षं सेटवर आहे, मोडतो की नाही ते माहितीय मला.

मुक्काम_पोस्ट
पिस्तूल रस्त्यावर काढू नका एवढंच सांगतो. आमच्या गावी भाच्याच्या ग्रुपने बाजाराच्या बाजूच्या बोळात असंच शूट केलं, कोणीतरी वरच्या मजल्यावरून पाहून फोन लावला, पोलीस आले, पोरं रडायला आली, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. खेळण्यातलं आहे हे लांबून कोणाला कळतंय. मास्क घालून मुलीला गाडीत ओढायचा सीन तर त्याहून वाईट, लोक आधी मारतील मग विचारतील. करायचंच असेल तर कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये करा आणि पोलीस ठाण्यात आधी अर्ज देऊन ठेवा.

गिंबलगुरू
म्हणूनच म्हणतो गिंबल, लांबून एका टेकमध्ये होऊन जाईल.

तांबडा_पांढरा
ज्या गावात बाबूराव पेंटरांनी कॅमेराच स्वतः बनवला त्या गावातली पोरं गिंबलसाठी अडून बसलीत 😂 लै झालं.

लेन्सवेडा
तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हातानेच फिरवायचे, स्टॅबिलायझेशनचा प्रश्नच नव्हता. तुलना चुकतेय.

ओली_रीळ
सगळ्यांचे आभार, विशेषतः शटरवाले आणि आवाजवाली ताई. काल ग्रुपमध्ये जोरदार भांडण होऊन ठरलं. पन्हाळा रद्द, पिस्तूल रद्द, हुडी रद्द, रुमाल पण रद्द (मॅडम सॉरी). माईक घेत नाही, गिंबल नाही, लाईट नाही. ओमनी मात्र ठेवतोय आणि निम्म्याहून जास्त पैसे ओमनीवरच घालतोय.

आमच्यातल्या एकाचे मामा शाळेची व्हॅन चालवतात, जुनी ओमनी आहे. ते शनिवार-रविवार गाडी द्यायला तयार आहेत, पेट्रोल आणि त्यांचा दिवसाचा हिशोब द्यायचा. नवीन गोष्ट: दुपारच्या सत्राची शाळा सुटलीय, ड्रायव्हर एकेका मुलाला सोडतोय. मुलं दिसतच नाहीत, नुसते बूट, दप्तरं, सरकतं दार. प्रत्येक वेळी दार उघडतं बंद होतं आणि बाहेर अंधार वाढत जातो. शेवटचा मुलगा उतरतो. ड्रायव्हर गाणं लावतो. मागे सीटखालून एक पाण्याची बाटली गडगडत पुढे येते, त्याच्या पायाशी थांबते. झाकणावर नाव खोडलेलं आहे. तो आरशात बघतो. टायटल. संवाद एकही नाही.

पेठेतला
ओमनी! मारुतीने २०१९ मध्ये उत्पादन बंद केलं तरी अपहरणाच्या गाडीसाठी आमची पोरं तीच सोडत नाहीत. बाटली मात्र चांगली आहे. ती पहिल्याच शॉटमध्ये सीटखाली दाखवा, ड्रायव्हरला दिसू देऊ नका.

रविवार_मॅटिनी
म्हणजे मी सांगितलेला बॉम्बच झाला.

आवाजवाली
संवाद नाहीत म्हणून माईक नको हे पटलं नाही, उलट आता सगळा सिनेमाच आवाजावर आहे. निदान फोन दाराच्या रुळापाशी नेऊन ते दार पाच-सहा वेळा वेगवेगळं रेकॉर्ड करा, जोरात, हळू, अर्धवट अडकलेलं. ओमनीच्या दाराचा तो घरंगळत जाऊन धाडकन बसणारा आवाज दुसऱ्या कुठल्या गाडीला नाही. बाटली पण वेगळी रेकॉर्ड करा, अर्धी भरलेली, रिकामी नुसती टकटक करते. आणि 'गाणं लावतो' म्हणजे कोणतं? सिनेमाचं गाणं लावलंत तर यूट्यूबवर टाकताना कॉपीराईटचा दावा येईल, मित्राकडून काहीतरी गाऊन-वाजवून घ्या.

जुना_लाईटमन
चालत्या गाडीत शूट करायची गरज नाही, मामांनाही ताप. गाडी उभी करा, एकाने मागचा बंपर फळीने हळूहळू दाबायचा, दुसऱ्याने बाहेरून टॉर्च काचेवरून पुढून मागे फिरवायची, मधे मधे थांबायची. मागची काच दिसेल असं फ्रेम मात्र लावू नका. सिनेमात हे कित्येक वर्षं करतात. आतला छताचा दिवा बंद करा, तो फार पिवळा पडतो, डॅशबोर्डवर बटर पेपर लावून एक बल्ब खाली ठेवा, ड्रायव्हरचा चेहरा खालून थोडा उजळेल. थर्माकोल लागणार नाही.

हिरवा_कोपरा
👍

मुक्काम_पोस्ट
लहान मुलांचे पाय घेणार असाल तरी पालकांना समोर उभं करा, नुसतं विचारून सोडू नका. शाळेच्या गेटबाहेर तर कॅमेरा काढूच नका.

ओली_रीळ
पाय आमच्याच घरातल्या भाच्यांचे आहेत, त्यांच्या आया सोबत येणार आहेत. बाकी दार रेकॉर्ड करतो ताई. माईक नाही घेत, दोन फोन वापरतो.

शटर_पन्नास
एक राहिलं. फोनच्या व्हिडिओत सेकंदाला फ्रेमचा आकडा स्थिर नसतो, वर-खाली होतो, त्यामुळे लांब शॉटमध्ये वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू सरकतो. एडिटला घेण्याआधी हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ करून घ्या. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते, वॉटरमार्क येत नाही, पण लॅपटॉप बारीक असेल तर रडतो, तेव्हा प्रॉक्सी (हलक्या कॉपी) बनवा. आणि टायटल मराठीत असेल तर जोडाक्षरं तुटलेली नाहीत ना ते बघा, प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय प्रेफरन्समध्ये चालू करावा लागतो. जमत नसेल तर मुक्ता किंवा बलू फाँटमध्ये टायटल बाहेर बनवा, पारदर्शक पीएनजी करून आत आणा. फाँट फुकट आहेत.

लेन्सवेडा
सगळं ठीक आहे पण आयफोन १३ च्या सिनेमॅटिक मोडवर (मागचं धूसर करतो तो) भरवसा ठेवू नका, कडा तुटतात. माझी ऑफर अजून आहे, बॉडी भाड्याने देईन, कोल्हापूरला पाठवायची तयारी आहे.

ओली_रीळ
दादा किती भाडं?

लेन्सवेडा
दिवसाला पंधराशे आणि डिपॉझिट वीस हजार.

ओली_रीळ
😂😂

ओली_रीळ
(दोन आठवड्यांनंतर) जमा केलं. १ मिनिट ५२ सेकंद झालं. सर म्हणाले बाटलीचा शॉट लांबलाय, अर्धा करा. आम्ही केला नाही. दाराचे आवाज ताईंनी सांगितले तसे घेतले, बाटली अर्धी भरून पण घेतली पण शेवटी रिकामीच वापरली, ती जास्त भीती घालते असं सगळ्यांना वाटलं. मामांना ३१०० दिले, बाकीच्यात वडापाव. फोनचा ट्रायपॉड शेवटपर्यंत घेतला नाही, सीटच्या फटीत खोचला. लिंक निकाल लागल्यावर टाकते.

तांबडा_पांढरा
मामांना ३१००! दोन दिवसाचं एवढं? माझ्या ओळखीत एकजण निम्म्यात आला असता.

ओली_रीळ
दादा दोन आठवड्यांपूर्वी सांगायचं ना.

गिंबलगुरू
अभिनंदन. माझा गिंबल विकायला काढलाय, कोणाला हवा असेल तर निरोप करा, वॉरंटी शिल्लक आहे.