पाण्यापासून हायड्रोजन: डीएफटी प्रकल्पासाठी पदार्थ आणि सॉफ्टवेअर सुचवा

प्राजक्ता_फिजिक्स:
नमस्कार. कोल्हापुरात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सूर्यप्रकाशात पाणी फोडून हायड्रोजन देणाऱ्या अर्धवाहकावर संगणकीय प्रकल्प (डीएफटी, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाचे गुणधर्म काढायची पद्धत) करायचाय. सरांनी नायट्रोजन डोप केलेला (थोडा नायट्रोजन मिसळलेला) टायटॅनियम डायऑक्साइड सुचवलाय. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, व्हास्प या सशुल्क डीएफटी सॉफ्टवेअरचं लायसन्स नाही, आणि मार्चमध्ये प्रबंध द्यायचाय. काय घेऊ, कुठून सुरू करू?

स्लॅबवाला:
सॉफ्टवेअर क्वांटम एस्प्रेसो. मोफत आहे, लिनक्सवर नीट चालतं.

पदार्थाबद्दल मात्र थांबा. फुजिशिमा-होंडा यांच्या १९७२ च्या पेपरपासून टायटॅनियावर (टायटॅनियम डायऑक्साइडवर) डोंगराएवढं काम झालंय. शिवाय डोपिंग दाखवायला सुपरसेल (युनिट सेल अनेक वेळा जोडून केलेला मोठा सेल) लागतो: अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपाचा २×२×१ घेतला तरी ४८ अणू. लॅपटॉपवर मार्च उलटून जाईल. त्यापेक्षा ग्राफिटिक कार्बन नायट्राइडचा एकच थर घ्या. हेप्टाझिन रचनेच्या युनिट सेलमध्ये १४ अणू, बँड गॅप (इलेक्ट्रॉनला भरलेल्या व्हॅलन्स बँडमधून रिकाम्या कंडक्शन बँडमध्ये न्यायला लागणारी किमान ऊर्जा) साधारण २.७ इव्ही (इलेक्ट्रॉन व्होल्ट), आणि दृश्य प्रकाशात तो हायड्रोजन देतो हे २००९ पासून माहीत आहे.

आता कळकळीची विनंती. बहुतेक प्रबंध बँड गॅप काढून थांबतात. गॅप १.२३ इव्हीपेक्षा मोठा हवा हे खरं, पण तेवढ्यानं भागत नाही. शून्य पीएचला, निर्वात पातळीच्या (पदार्थाबाहेर स्थिर असलेल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या) सापेक्ष, कंडक्शन बँडचा तळ −४.४४ इव्ही या हायड्रोजनच्या पातळीच्या वर आणि व्हॅलन्स बँडचा माथा −५.६७ या ऑक्सिजनच्या पातळीच्या खाली हवा. हेमेटाइट (लोहाचं ऑक्साइड) बघा: गॅप २.१, स्वस्त, मुबलक, पण कंडक्शन बँडच खाली असल्यामुळे बाहेरून व्होल्टेज दिल्याशिवाय हायड्रोजन नाही. एका थराची सोय अशी, की वर-खाली १५ अँगस्ट्रॉम पोकळी ठेवली की निर्वात पातळी त्याच गणितातून मिळते.

मेघना_एचपीसी:
पदार्थाबाबत सहमत, पण टायटॅनिया पूर्ण सोडू नका. आधी शुद्ध अ‍ॅनाटेज करा. प्रयोगात ३.२ इव्ही, पीबीईने (डीएफटीतलं नेहमीचं सूत्र, गॅप कमी दाखवतं) २.१ च्या आसपास यायला हवा. तो आला की कटऑफ, के-पॉइंट, स्यूडोपोटेन्शियल या गणिताच्या सेटिंग्ज ठीक आहेत असा भरवसा येतो, आणि सरांचाही मान राहतो.

कार्बन नायट्राइडचा गॅप पीबीईने निम्म्याहून कमी येईल. घाबरू नका, ती पद्धतीची मर्यादा आहे. रचना पीबीईने रिलॅक्स करा (ऊर्जा किमान होईपर्यंत अणू सरकू द्या) आणि शेवटी मोजक्या के-पॉइंटवर एचएसई०६ हे जास्त अचूक पण जड सूत्र चालवा. ते लॅपटॉपला झेपणार नाही. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे. बाहेरच्या संस्थेला वेळ मिळू शकतो का, हे मार्गदर्शकांकडून आत्ताच विचारून घ्या.

प्राजक्ता_फिजिक्स:
खूप आभार! पृष्ठभागावरच्या रासायनिक क्रियेचं काय? तेही घ्यायलाच हवं का?

स्लॅबवाला:
हायड्रोजनच्या बाजूचं तरी घ्याच. थरावर एक हायड्रोजन अणू वेगवेगळ्या जागी, विशेषतः कडेच्या नायट्रोजनवर, चिकटवून बघा. चिकटण्याची ऊर्जा काढा आणि मुक्त ऊर्जेसाठी त्यात ०.२४ इव्ही मिळवा. हा आकडा धातूंवरच्या कामातून आलाय, म्हणून जमल्यास आपल्या थराची कंपनं काढून तपासा. उत्तर शून्याजवळ आलं तर उत्तम. खूप ऋण आलं तर हायड्रोजन तिथेच चिकटून बसतो, खूप धन आलं तर चिकटतच नाही.

ऑक्सिजनच्या बाजूला चार टप्पे आहेत, ते आत्ता नको. आणि थर अगदी सपाट ठेवून रिलॅक्स केलात तर समरूपतेमुळे तो सपाटच राहील. अणू किंचित वर-खाली हलवून, जरा मोठ्या सेलमध्ये पुन्हा रिलॅक्स करा. त्याला सुरकुत्या पडतात, ऊर्जा उतरते आणि बँडच्या पातळ्याही सरकतात.