प्रति: रिलीज नोट्स कमिटवरून आपोआप काढाव्यात का?

कमिटची (कोडमधल्या एकेका बदलाच्या नोंदींची) यादी आपोआप काढून तीच रिलीज नोट्स (नव्या आवृत्तीत काय बदललं हे सांगणारं टिपण) म्हणून टाकावी, ही या चर्चेत आलेली सूचना मला पटत नाही. कमिटचा संदेश सोबतच्या डेव्हलपरसाठी लिहिलेला असतो. नोट्स वाचणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: अपग्रेड केल्यावर माझं काय मोडेल?

पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या नोट्स बघा. आधी ठळक बदल, लगेच स्थलांतराचा (जुन्या आवृत्तीवरून नव्यावर जाण्याचा) विभाग, बारीक यादी त्यानंतर. २०२२ च्या १५व्या आवृत्तीत 'पब्लिक' स्कीमामध्ये (डेटाबेसमधला टेबलं ठेवायचा एक सामाईक कप्पा) कुणालाही टेबल बनवायची मुभा काढून टाकली. नोट्स एवढंच सांगून थांबत नाहीत. हे नव्या डेटाबेसना लागू आहे, अपग्रेड केलेल्या जुन्यांच्या परवानग्या तशाच राहतात, जुन्यांवर अनेक युझर असतील तर ती परवानगी स्वतः काढायचा विचार करा, हे सगळं त्याच मुद्द्याखाली आहे. रात्री सर्व्हर अपग्रेड करणाऱ्याला याचं मोल कळतं! (पायथनमध्येही 'काय नवीन' आणि चेंजलॉग, म्हणजे बदलांची बारीक यादी, वेगवेगळे असतात.)

आपोआप काढायचंच असेल तर पुल रिक्वेस्टच्या (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या, अशा विनंतीच्या) टेम्प्लेटमध्ये 'वापरणाऱ्याला काय फरक पडेल?' अशी एक ओळ सक्तीची करा आणि नोट्स त्या ओळींवरून बनवा. तरी शेवटचा हात माणसानेच फिरवावा.