प्रतिसाद: सरासरी बिलाची तक्रार दिल्लीला कशाला?

मीटर न पाहता आलेल्या सरासरी बिलाची तक्रार थेट केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे करावी, असे वर एका सदस्याने सुचवले आहे. संताप रास्त असला तरी पत्ता चुकला आहे. केंद्रीय आयोग केंद्र सरकारच्या वीज कंपन्यांचे दर, आंतरराज्य पारेषण (एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज वाहून नेणे) आणि वीज बाजार यांवर नियंत्रण ठेवतो. त्याचे संरक्षण आपल्यापर्यंत आडवाटेने पोहोचते. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर वीज बाजारातील भाव युनिटमागे २० रुपयांवर गेला, तेव्हा त्याने १२ रुपयांची कमाल मर्यादा घातली, एरवी त्या महागड्या खरेदीचा भार पुढे ग्राहकांच्याच बिलात उतरला असता. घरगुती आणि कृषिपंपाचे दर मात्र राज्य आयोग ठरवतो.

तक्रारीसाठी २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४२ नुसार ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि तेथे समाधान न झाल्यास विद्युत लोकपाल. लोकपालांचे एक कार्यालय नागपुरातच आहे, हे आपल्याकडच्या कितीजणांना ठाऊक असेल, देव जाणे. तसेच कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस बंधनकारक आहे.

कृतीचे मानक, म्हणजे बिघाड किती वेळात दुरुस्त व्हायला हवा यासारखे सेवेचे निकष, हेही राज्य आयोगच ठरवतो आणि ते न पाळल्यास भरपाई देय असते. पण ऐन हरभऱ्याच्या ओलितात डीपी (शिवारातले रोहित्र) जळाली की आपण लाइनमनला फोन करून मोकळे होतो. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घेतली नाही, तर मंचासमोर उशीर सिद्ध कशाच्या आधारे करणार?