अझोबेन्झीन: प्रकाश बंध तोडतो, की नुसता कोन वळवतो?

पायबंध

अझोबेन्झीन म्हणजे दोन बेंझीन वलयं दोन नायट्रोजनांच्या द्विबंधाने जोडलेला रेणू. त्यावर प्रकाश टाकला की ट्रान्स रेणूचा (वलयं विरुद्ध बाजूंना) सिस (वलयं एकाच बाजूला) होतो, हे जी. एस. हार्टली यांनी १९३७ मध्ये दाखवलं. टोकापासून टोकापर्यंतची लांबी सुमारे ९ अँगस्ट्रॉमवरून साडेपाचवर येते. एवढ्या एका हालचालीच्या जोरावर प्रकाशाने वाकणारे पॉलिमर आणि प्रकाशाने चालू-बंद होणाऱ्या औषधांचं संशोधन उभं आहे. पण हा रेणू वळतो कसा? एमएस्सीच्या नोट्समध्ये अजून दोन आकृत्या शेजारी शेजारी काढतात, ‘दोन्ही मार्ग शक्य’ असं लिहितात आणि पुढच्या धड्याकडे वळतात.

पहिला मार्ग रोटेशनचा. दोन नायट्रोजनांमधल्या द्विबंधाभोवती रेणू पिळतो. पिळ ९० अंशांवर आला की पाय बंध, म्हणजे द्विबंधातला दुसरा बंध, उरतच नाही. दुसरा इन्व्हर्जनचा. एका नायट्रोजनपाशी जो साधारण ११५ अंशांचा कोन असतो तो सरळ होतो आणि पलीकडे वळतो; पाय बंधाला धक्काही लागत नाही. म्हणजे मुळात वाद प्रकाश इथे बंध तोडतो की नाही याचाच आहे.

माझं मत: तोडतो. प्रकाशात सिसकडे नेणारा रस्ता म्हणून इन्व्हर्जन शिकवणं आता थांबवावं.

लेझरवाला

इतकी घाई नको. १९८२ चा राऊ आणि ल्युडेके यांचा प्रयोग तुम्ही सोयीस्करपणे गाळलात. साध्या अझोबेन्झीनमध्ये ४४० नॅनोमीटरच्या आसपासच्या पट्ट्यात प्रकाश टाकला तर शंभरातले साधारण २५ उत्तेजित रेणू सिस होतात. ३२० च्या आसपास, म्हणजे जास्त ऊर्जा देऊन, जेमतेम ११. प्रकाशरसायनातल्या काशा यांच्या नियमाप्रमाणे वरच्या अवस्थेतला रेणू आधी खालच्या उत्तेजित अवस्थेत उतरतो आणि मग पुढचं घडतं; म्हणजे दोन्हीकडे आकडा सारखा यायला हवा. या दोघांनी दोन अझोबेन्झीन छोट्या साखळ्यांनी एकमेकांना जखडले, म्हणजे पिळायला जागाच नाही. तरी रेणू बदलला, आणि दोन्ही पट्ट्यांत आकडा सारखा आला. पिळता येत नसताना बदलला, मग कोणत्या रस्त्याने बदलला?

पायबंध

गाळलं नाही, त्यावरच येत होतो. ‘पिळायला जागाच नाही’ हे गृहीतक होतं, मोजमाप नव्हतं. पीसा विद्यापीठातल्या पर्सिको यांच्या गटाने २००५ मध्ये नेमके असे जखडलेले रेणू गणितात चालवून पाहिले. जड बेंझीन वलयं जवळपास जागच्या जागी राहतात आणि मधला नायट्रोजनांचा जोड सायकलच्या पेडलसारखा फिरतो. पिळ पडतोच, फक्त बाहेर जागा मागत नाही.

आणि ११ चा आकडा? जास्त ऊर्जा मिळालेल्या रेणूत दोन्ही नायट्रोजनांपाशी कोन एकदम उघडू शकतात, आणि त्या वाटेने तो बहुतेक वेळा पुन्हा ट्रान्सच होऊन खाली येतो, अशी गणितं आहेत. इन्व्हर्जनसारखी ती हालचाल आहे, नाही म्हणत नाही. पण ती प्रकाश वाया घालवणारी वाट आहे.

लेझरवाला

गणितं, गणितं! तहारा यांच्या गटाने २००१ मध्ये फेम्टोसेकंद (पिकोसेकंदाचा हजारावा भाग; पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा हजारावा) मोजणीत पाहिलं की वरच्या अवस्थेतून रेणू खालच्या उत्तेजित अवस्थेत उतरतो, आणि तिथे तो सपाटच असतो. त्यांनी निष्कर्ष काढला इन्व्हर्जनचा. हे प्रयोगातून आलेलं आहे.

पायबंध

खालच्या अवस्थेत उतरला तेव्हा सपाट होता, एवढंच त्यातून सिद्ध होतं. त्यापुढच्या अर्ध्या पिकोसेकंदात तो काय करतो, ते ‘तेव्हा सपाट होता’ यावरून कसं ठरवणार?

रविवारचा_वाचक

मधेच एक अडाणी प्रश्न. द्विबंध तुटतो म्हणता, मग नायट्रोजन वायू का निघत नाही?

कुंदा_ताई

अडाणी कसला, चांगला प्रश्न आहे. पूर्ण द्विबंध तुटत नाहीच. नायट्रोजनांच्या द्विबंधाची सरासरी ऊर्जा मोलमागे ४१८ किलोज्यूलच्या आसपास, एकेरी बंधाची १६० च्या. ४४० नॅनोमीटरचा प्रकाश सुमारे २७२ देतो. तेवढ्यात पाय बंध सैल होईल, आतला सिग्मा बंध, म्हणजे द्विबंधातला पहिला, शाबूत राहील. वायू निघायला दोन्ही बाजूंचे कार्बन-नायट्रोजन बंध सुटावे लागतात. पॉलिमरवाले वापरतात त्या एआयबीएन या दुसऱ्या अझो संयुगात ते अतिनील प्रकाशाने सुटतात, कारण मागे राहणारा रॅडिकल (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला तुकडा) त्या मानाने स्थिर असतो. इथे मागे फिनाइल रॅडिकल राहील, तो महागात पडतो.

आता तुम्हा दोघांना. खऱ्या अर्थाने बंध तोडणारा स्विच हवा असेल तर स्पायरोपायरन हे प्रकाशाने रंग बदलणारं संयुग घ्या. फिशर आणि हिर्शबर्ग, १९५२. अतिनील प्रकाशात कार्बन-ऑक्सिजनचा सिग्मा बंधच तुटतो, वलय उघडतं आणि रंग येतो. उन्हात काळे होणारे बहुतेक चष्मे याच्याच भावंडांवर चालतात. त्यापुढे अझोबेन्झीनमध्ये ‘बंध तुटला’ म्हणणं मला जरा नाटकी वाटतं. उत्तेजित अवस्थेत पाय बंध आधीच अर्धा मेलेला असतो. शिवाय पिळ पडताना नायट्रोजनांपाशचे कोनही रुंदावतात, म्हणजे शुद्ध रोटेशन कुठेच नाही.

पायबंध

ताई, कोन रुंदावतात, मान्य. पण रेणूला सिसकडे ढकलते ती पिळाची हालचाल, कोनाची नव्हे. ‘दोन्ही थोडं थोडं’ म्हटलं की सगळे खूश, आणि नोट्समध्ये पुन्हा त्याच दोन आकृत्या.

लेझरवाला

बरं, प्रकाशातलं क्षणभर तुमचं धरू. अंधारात सिस आपोआप ट्रान्सकडे परततो, खोलीच्या तापमानाला काही दिवस घेऊन. तिथे उत्तेजित अवस्था नाही, पाय बंध पुरता धडधाकट. तिथे तर इन्व्हर्जन ठेवाल की नाही?

पायबंध

काही वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर हो म्हणालो असतो. आता तिथेही ट्रिपलेट अवस्थेला (जिथे दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकाच दिशेचे असतात) स्पर्श करून पिळत जाणारी वाट पुढे येते आहे, आणि एन्ट्रॉपीचे मोजलेले आकडे तिच्याशी जास्त जुळतात. तरीही अंधाराबद्दल मी पैज लावणार नाही. प्रकाशाबद्दल लावतो.

लेझरवाला

लावा. फक्त पैजेचा निकाल गणिताने नाही, मोजणीने लागेल.