अठ्ठ्याहत्तर वर्षांनी दिलेलं शौर्यपदक: न्याय की उशिराचं समाधान?

भरतीओहोटी:
१ डिसेंबर १९४२. तिमोरजवळ ऑस्ट्रेलियाची 'आर्मिडेल' ही छोटी युद्धनौका जपानी विमानांच्या तावडीत सापडली. टॉर्पेडो लागले, जहाज कलंडलं, जहाज सोडायचा हुकूम सुटला. पाण्यात पडलेल्यांवर विमानांतून गोळ्या बरसायला लागल्या. टेडी शीन हा अठरा वर्षांचा साधा खलाशी. स्वतः जखमी असूनही तो मागे फिरला, ऑर्लिकन या विमानविरोधी तोफेला स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेतलं आणि मारा सुरू केला. तोफ पाण्याखाली जाईपर्यंत गोळ्या सुटत होत्या, असं वाचलेल्यांनी सांगितलंय. १४९ पैकी ४९ जण वाचले.

त्याच्या वाट्याला तेव्हा आला तो 'मेन्शन इन डिस्पॅचेस', म्हणजे अहवालात नावाचा उल्लेख. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला तो २०२० मध्ये. त्याआधी २०१३ च्या चौकशीने नको म्हटलं, २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने द्या म्हटलं, २०२० च्या मे महिन्यात सरकारने पुन्हा नकार दिला आणि मग तज्ज्ञांची समिती बसवून तोच निर्णय फिरवला.

मला हा सन्मान शंभर टक्के योग्य वाटतो. घरच्यांना बरं वाटावं म्हणून नव्हे. नोंद चुकली होती, ती दुरुस्त झाली म्हणून.

कोरा_कागद:
शीनच्या धैर्याबद्दल वादच नाही. पण नोंद चुकली होती हे ठरवणार कोण? निर्णय घेणाऱ्यांनी त्याच काळात, त्याच युद्धात घेतला होता. आपण पाऊणशे वर्षांनी खुर्चीत बसून त्यांचं माप काढतोय. २०१३ च्या चौकशीलाही तेव्हाच्या प्रक्रियेत उघड अन्याय दिसला नव्हता.

आणि पदकं सैल हाताने वाटली की काय होतं तेही बघा. अमेरिकी यादवी युद्धात मेन या राज्याच्या २७ व्या पलटणीतले तीनशेच्या आसपास लोक मुदत संपल्यावरही थोडे दिवस राजधानीच्या रक्षणाला थांबले. मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, निघाली ८६४, सगळ्या पलटणीच्या नावाने! १९१७ मध्ये फेरतपासणी करून एकूण ९११ नावं यादीतून खोडावी लागली. नियम कडक झाले ते या अनुभवातून.

भरतीओहोटी:
@कोरा_कागद, नियमाचंच बोलू. ऑस्ट्रेलियातही तेव्हा चालणाऱ्या ब्रिटिश पद्धतीत लढाईतल्या शौर्यासाठी मेलेल्या माणसाला दोनच गोष्टी देता यायच्या: व्हिक्टोरिया क्रॉस किंवा अहवालातला उल्लेख. मधली सगळी पदकं जिवंतांसाठी. म्हणजे एक तर शिखर, नाही तर पायथा. हाच पोरगा पोहत वाचला असता तर मधलं एखादं मिळायला वाव होता. मेला म्हणून एका ओळीवर बोळवण. प्रक्रिया पाळली गेली असेलही, पण ती प्रक्रियाच मेलेल्यांना तोटा करणारी होती.

शिसपेन:
यात मला एक भर घालायचीय. काही ठिकाणी दृष्टीच आंधळी होती. दुसऱ्या महायुद्धात बारा लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय अमेरिकी सैन्यात होते, पण त्या काळात एकालाही मेडल ऑफ ऑनर नाही. जानेवारी १९९७ मध्ये सात जणांना दिलं, तेव्हा त्यातले एकटे व्हर्नन बेकर हयात होते. तेव्हाच्या अधिकाऱ्यांचा शब्द अंतिम मानला तर त्यांचा भेदभावही अंतिम मानावा लागेल. ते मला मान्य नाही.

कोरा_कागद:
भेदभाव कागदोपत्री दिसतो तिथे फेरविचार हवाच, इथे मी माघार घेतो. शीनच्या बाबतीत तसं नाही. शिवाय त्याच जहाजावर आणखी नव्व्याण्णव जण गेले. कुणी दुसऱ्याला तराफ्यावर ढकलून स्वतः बुडाला असेल. ते सांगायला कुणी उरलं नाही म्हणून त्याला काहीच नाही. साक्षीदार संपल्यावर पदक दिलं की ज्याची गोष्ट टिकली तोच शूर ठरतो.

रानवाट:
मी सैनिकाची नात आहे. आजोबांची दोन सेवापदकं त्यांच्या पश्चात, आईने तीन वर्षं अर्ज करून मिळवली. एका कार्यालयाने तर सेवापुस्तिकाच सापडत नाही म्हणून हात वर केले होते. पदक हातात आलं तेव्हा आईने चेहऱ्याची बाजू पाहिलीच नाही. आधी कड बघितली. तिथे नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. नखाने ती अक्षरं चाचपत ती बराच वेळ बसली होती.

म्हणून शौर्यपदक आणि सेवापदक यांत फरक करा, ही विनंती. पहिल्यासाठी कसोटी कडक असू द्या. दुसरं तर हक्काचं देणं आहे, त्याला कसला विलंब? आर्क्टिकमधून रशियाला रसद पोचवणाऱ्या ताफ्यांतल्या ब्रिटिश खलाशांना 'आर्क्टिक स्टार' २०१३ मध्ये मिळाला. तोवर बहुतेक जण गेले होते.

कोरा_कागद:
@रानवाट, सेवापदकाबद्दल पूर्ण सहमत. ते रोखणं म्हणजे देणं बुडवणं. शौर्यपदकाबाबत मात्र माझं मत तेच. घ्यायला कुणी रक्ताचं नात्यातलंही नसेल, तर ते पदक नक्की कुणाला देतोय आपण?

शिसपेन:
पहिल्या महायुद्धातल्या हेन्री जॉन्सन या कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकाचं उदाहरण देते. १९१८ मध्ये फ्रान्समधल्या आर्गोनच्या जंगलात बंदूक निरुपयोगी झाल्यावर तो चाकूने लढला. फ्रान्सने लगेच गौरवलं, स्वतःच्या देशाने नाही. १९२९ मध्ये गेला. २०१५ मध्ये मेडल ऑफ ऑनर जाहीर झालं तेव्हा वारस सापडला नाही. मग न्यूयॉर्क नॅशनल गार्डचा एक सार्जंट मेजर पुढे झाला आणि त्याने ते घेतलं. त्याच्याच पलटणीचा वारसा सांगणारी माणसं आहेत ती.