कुंपणालगतचं ट्री ऑफ हेवन: आता तोडू की थांबू?

मंडळी, नमस्कार.
मागच्या कुंपणाला खेटून 6 इंच बुंध्याचं झाड वाढलंय. स्टॅगहॉर्न सुमॅक (इथलं देशी, दिसायला तसंच झाड) असेल तर ठेवीन, ट्री ऑफ हेवन (बाहेरून आलेलं, झपाट्याने पसरणारं झाड) असेल तर काढायचंय. शनिवारी करवत लावू का?

उत्तर १
करवत कृपया लावू नका! आधी पान बघा. सुमॅकच्या पर्णिकांची (एका पानातल्या छोट्या पानांची) कड सबंध दातेरी असते. ट्री ऑफ हेवनची सपाट, फक्त बुडाशी एक-दोन बोथट दात आणि त्यांवर बारीक गाठ. त्याचं पान चुरगळलं की खवट शेंगदाण्यांचा वास येतो.

ट्री ऑफ हेवन हा आपल्या महारुखाचा चिनी भाऊबंद. 1784 साली अमेरिकेत, फिलाडेल्फियात शोभेसाठी आणला गेला. नुसता तोडला की मुळांवरचे डोळे फुटतात आणि पार 50 फुटांवरही फुटवे निघतात. जुलैच्या मध्यापासून पानं पिवळी पडेपर्यंतच झाड मारायचं औषध (तणनाशक) द्या. तेव्हा पानांतलं अन्न मुळांकडे उतरतं आणि औषधही त्याच्याबरोबर जातं. वसंतात दिलेलं फुकट जातं.

छोट्या कुऱ्हाडीने सालीत तिरके, खाली उतरते घाव घाला. व्यासाच्या दर इंचाला एक, म्हणजे तुमच्या झाडाला सहा. दोन घावांमध्ये इंचभर साल अखंड राहायलाच हवी. सलग वर्तुळ कापलं तर औषधाची वाटच तुटते. घाव घातल्याबरोबर त्यात ग्लायफोसेट किंवा ट्रायक्लोपिर यांपैकी एक तणनाशक सोडा, पण बाहेर ओघळू देऊ नका. प्रमाण लेबलवरचंच. मग किमान 30 दिवस झाडाला हात लावू नका.

उत्तर २
थोडी भर. तोडून खुंटाला औषध चोपडायचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने खुंटाची फूट थांबते, मुळांवरची नाही. मला तो अर्धवटच वाटतो.

बियांची रोपं मात्र पावसानंतर, ओल्या मातीतून, सोटमुळासकट उपटावीत. ओढल्यावर आडवं जाड मूळ लागलं तर तो फुटवा. तो उपटून उपयोग नाही. हातमोजे घाला, चिकाने कातडी चुरचुरते.

पंखाच्या बियांचे झुबके दिसले तर झाड मादी आहे, ते आधी घ्या. मोठी मादी वर्षाला लाखांनी बिया टाकते. शिवाय स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा झाडांचा रस शोषणारा कीडा, जो अमेरिकेत पहिल्यांदा 2014 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत सापडला, त्याचं हे सगळ्यात आवडतं झाड.

झाड हद्दीवर असेल तर कुऱ्हाड उचलण्याआधी शेजाऱ्यांची संमती घ्या. पुढच्या उन्हाळ्यात फुटवे त्यांच्याही अंगणात शोधावे लागतील.