टीमला अप्रिय निर्णय सांगताना सूर कसा ठेवावा?

पाऊलवाट यांचा प्रश्न

नमस्कार. मी अकरा जणांच्या एका टीमचे काम पाहते. गेल्या महिन्यात एका मोठ्या कामाची मुदत अचानक तीन आठवड्यांनी अलीकडे आली आणि ते टीमला सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आली. बोलण्याच्या ओघात काही निसटू नये म्हणून मी सगळे मुद्दे लिहून नेले आणि सकाळच्या बैठकीत जवळजवळ जसेच्या तसे वाचले: नवी तारीख, कोणाकडे कोणता भाग, दोन शनिवारी कामावर यावे लागेल, मंजूर रजांचा फेरविचार होईल. सात-आठ मिनिटांत बैठक आटोपली. 'काही प्रश्न?' असे मी विचारले, कोणी काही बोलले नाही, आणि सर्वांना समजले असे मी गृहीत धरले.

संध्याकाळी टीममधल्या सर्वांत अनुभवी सहकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, 'तुम्ही बोललात त्यात चुकीचे काही नव्हते, पण नोटीस वाचून दाखवल्यासारखे वाटले.' त्याहून अधिक लागले ते दोन दिवसांनी कळले तेव्हा. एका सहकाऱ्याने मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी रजा घेतलेली होती. 'फेरविचार' या एका शब्दामुळे ती रद्द झाली असे समजून तो दोन दिवस तळमळत राहिला आणि मला विचारायला आला नाही. ती रजा रद्द करण्याचा विचारही माझ्या मनात नव्हता.

याच्या उलट चूकही माझ्याकडून झालेली आहे. पूर्वी एकदा कामात गंभीर त्रुटी सापडली असता कोणी दुखावू नये म्हणून मी आधी इतके कौतुक केले आणि मूळ मुद्दा इतक्या हळुवारपणे मांडला, की काम पुन्हा करायचे आहे हे अर्ध्या लोकांना कळलेच नाही. पुढच्या आठवड्यात मला सांगायचे आहे की दोन जण दुसऱ्या प्रकल्पावर जात आहेत आणि त्यांचे काम उरलेल्यांमध्ये वाटले जाणार आहे. गोष्टीचे गांभीर्य कमी होऊ न देता, ऐकणाऱ्याच्या परिस्थितीची जाण ठेवून हे कसे मांडावे? प्रत्यक्ष अनुभवातून आलेले मार्गदर्शन मिळाले तर आभारी राहीन.

समईची वात यांचा प्रतिसाद

पाऊलवाट, कागदावरून वाचणे ही तुमची चूक होती असे मला वाटत नाही. तो कागद कामाच्या क्रमाने लिहिलेला होता आणि माणसांच्या क्रमाने लिहिलेला नव्हता, अडचण तिथे आहे. असा निर्णय ऐकताना प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न 'यात माझे काय होणार' हाच असतो, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत पुढची वाक्ये कानावर पडली तरी आत पोचत नाहीत. म्हणून मी बैठकीच्या आदल्या दिवशी टीममधील प्रत्येकाचे नाव लिहून त्यापुढे एक ओळ लिहिते: या निर्णयाचा या व्यक्तीवर काय परिणाम होईल आणि तिला कशाची भीती वाटू शकेल. अकरा नावे म्हणजे अकरा ओळी, अर्ध्या तासाचे काम. ज्या नावापुढची ओळ लिहिताना हात अडखळतो, त्या व्यक्तीला बैठकीआधी एकटे भेटून सांगायचे, कारण तिने आपल्या आयुष्यातली उलथापालथ सर्वांच्या देखत पहिल्यांदा ऐकावी हे योग्य नाही. मुलीच्या शस्त्रक्रियेचे तुम्हाला माहीत होते. 'तुमची रजा कायम आहे' हे एक वाक्य आदल्या संध्याकाळी पुरले असते.

दुसरी गोष्ट वाक्यरचनेची आहे आणि तिच्याविषयी मला फार कळकळीने सांगावेसे वाटते. अवघड निर्णय सांगताना आपण नकळत कर्मणी प्रयोगात शिरतो: 'असे ठरवण्यात आले आहे', 'फेरविचार केला जाईल'. अशा वाक्यातून करणारा नाहीसा होतो, आणि ज्या वाक्यात माणूस नाही त्याला प्रश्न तरी कोणी विचारायचा? 'निर्णय वरिष्ठांचा आहे, कामाची वाटणी मी केली आहे, त्यात चूक वाटली तर मला सांगा' असे म्हटले की जबाबदारीला चेहरा मिळतो. 'आपण' हा शब्दही जपून वापरावा. मराठीत 'आपण' म्हटले की ऐकणारा आणि बोलणारा दोघेही त्यात आले. 'आपण शनिवारी येऊ' असे म्हणून जो स्वतः येत नाही, त्याचा पुढचा प्रत्येक 'आपण' पोकळ वाटू लागतो. येणार असाल तर 'आपण' म्हणा, नसाल तर 'तुम्हाला यावे लागेल, मी त्या दिवशी फोनवर उपलब्ध असेन' असे सरळ सांगा.

शल्यगृह यांचा प्रतिसाद

मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे, त्यामुळे छोट्या बैठका हा आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी सुरक्षा-तपासणीसूची आणली. तिच्यात छेद घेण्यापूर्वी सर्वांनी थांबून आपले नाव आणि काम सांगावे, आणि शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व परिचारिका यांनी आपापल्या काळजीच्या गोष्टी बोलून दाखवाव्यात, अशी पायरी आहे. आठ शहरांतील आठ रुग्णालयांत या सूचीचा अभ्यास झाला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे दिसले. सूचीत इतरही अनेक बाबी आहेत, तेव्हा याचे सगळे श्रेय त्या दोन मिनिटांच्या बोलण्याला देता येणार नाही. परंतु जी व्यक्ती सुरुवातीला एकदा बोललेली असते, तिला पुढे काही खटकले तर तोंड उघडणे सोपे जाते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

तुमच्या बैठकीत जी शांतता होती तिला मी होकार मानणार नाही. 'काही प्रश्न?' या प्रश्नाला सर्वांत सोपे उत्तर म्हणजे गप्प राहणे. त्याऐवजी 'या वाटणीत पहिली अडचण कुठे येईल असे तुम्हाला वाटते?' असे एकेकाला विचारून पाहा, आणि त्याआधी तुमची स्वतःची काळजी सांगा. आमचे एक शल्यचिकित्सक दरवेळी सांगतात, 'आज मला रक्तस्रावाची धास्ती आहे, कोणाला काही वेगळे दिसले तर लगेच थांबवा.' त्यांच्या आवाजात खास गोडवा नसतो, पण त्यांना थांबवायला कोणी कचरत नाही. आणखी एक सांगते: पहिला अवघड प्रश्न आल्यावर तुमचा चेहरा कसा होतो, याकडे उरलेले दहा जण बारकाईने पाहत असतात.

शब्दप्रामाण्य यांचा प्रतिसाद

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, फक्त सहानुभूतीच्या नावाखाली जे शिकवले जाते त्याविषयी थोडे वेगळे सांगतो. अनेक प्रशिक्षणांत असे ठासून सांगितले जाते की संवादात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के असतो, ३८ टक्के आवाजाचा आणि ५५ टक्के चेहऱ्याचा. हे आकडे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून आले, आणि ते प्रयोग सुटे शब्द, आवाजाचा सूर व चेहऱ्यावरचे भाव यांतून आवड-नावड कशी ओळखली जाते एवढ्यापुरतेच होते. सर्व प्रकारच्या संवादाला हे सूत्र लागू नाही, असे स्वतः मेहरेबियन यांनी स्पष्ट केले आहे. तेव्हा सूर सांभाळला की शब्द कसेही चालतात असे कृपया समजू नका. तुमच्या सहकाऱ्याला दोन दिवस ज्याने छळले तो सूर नव्हता, 'फेरविचार' हा मोघम शब्द होता.

'मला तुमची अवस्था समजते, पण…' हे वाक्यही टाळावे असे मी सुचवेन. त्यातला 'पण' आधीचे सगळे पुसून टाकतो, आणि अवस्था खरोखर समजली आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार ऐकणाऱ्याचा आहे. 'यामुळे काहींच्या घरच्या वेळापत्रकाला धक्का बसेल. कोणाला कुठे अडचण येते ते मला आज-उद्यात सांगा, मी गुरुवारी वाटणी पक्की करीन' यात दावा कमी आणि कृती जास्त आहे. मात्र वाटणीत बदल करण्याची मुभा तुम्हाला खरोखर असेल तरच असे विचारा. जे बदलणार नाही त्याबद्दल मत मागणे हे कठोर बोलण्यापेक्षा जास्त दुखावते.

पाऊलवाट यांचा प्रतिप्रतिसाद

आपणा तिघांचेही मनापासून आभार. अकरा ओळी लिहायला बसले तेव्हा तिघांच्या नावापुढे मला काहीच लिहिता आले नाही, कारण त्यांच्यावर सध्या किती भार आहे हेच मला नीट ठाऊक नव्हते. म्हणून आधी त्यांच्याशी बोलले आणि बैठक दोन दिवस पुढे ढकलली. जाणाऱ्या दोघांनाही सर्वांआधी विचारून घेतले की ही बातमी त्यांना स्वतः सांगायला आवडेल का. एकीने 'हो' म्हटले, दुसऱ्याने 'तुम्हीच सांगा' असे म्हटले.

काल बैठक झाली. सुरुवात मी अशी केली: 'आपल्यातले दोन जण पुढच्या महिन्यात दुसऱ्या प्रकल्पावर जात आहेत आणि त्यांच्या जागी सध्या कोणी येणार नाही. हा निर्णय माझा नाही, पण कामाची वाटणी माझी आहे आणि तीत अजून बदल करता येतो. दोन ठिकाणी मला स्वतःलाच ती जड वाटते आहे, ती आधी दाखवते.' त्यानंतर काही क्षण कोणीच बोलले नाही आणि मला बोलत राहण्याचा फार मोह झाला, तरी मी थांबले. मग टीममधल्या सर्वांत नव्या मुलीने विचारले, 'वाढलेल्या कामामुळे दर्जा घसरला तर वार्षिक मूल्यमापनात ते आमच्या नावावर लागेल का?' माझ्याकडे उत्तर नव्हते. तसे मी सांगितले आणि सोमवारपर्यंत वरिष्ठांकडून लेखी उत्तर आणते असा शब्द दिला.

आता आणखी एक विचारायचे आहे. सोमवारी ते उत्तर प्रतिकूल आले, तर ते सर्वांना एकत्र सांगावे, की ज्या मुलीने विचारण्याचे धैर्य दाखवले तिला आधी एकटीला सांगावे?

समईची वात यांचा प्रतिसाद

प्रश्न तिने सर्वांच्या वतीने विचारला होता, म्हणून उत्तर सर्वांसमोरच द्या. पण बैठकीपूर्वी पाच मिनिटे तिला भेटून उत्तर काय आहे ते सांगून ठेवा. प्रतिकूल उत्तर आले तर उरलेल्यांच्या नजरा आधी तिच्याकडे वळतील, आणि त्या क्षणी ती बेसावध असू नये.